ताज्या रंगाखाली तडकलेली फ्रेम: ‘तयार’ गो-कार्ट घेताना झालेली फसवणूक

वापरलेली गो-कार्ट (शर्यतीची छोटी, बुटकी, उघडी चारचाकी) घ्यायची, ती उघडून नव्याने बांधायची आणि दिवे, हॉर्न, आरसे, रुंद टायर लावून रस्त्यावरच्या गाडीच्या थाटात फिरवायची, ही हौस अनेकांना असते. मलाही आहे आणि झाल्या प्रकारानंतरही ती गेलेली नाही. पण या हौशीवर पोट भरणारे काही लोक आहेत. त्यांच्यातल्या एकाने मला विकलेली कार्ट एखाद्याला जायबंदी करू शकली असती, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

जाहिरातीत होतं ते असं: रेसिंगची जुनी चासी (गाडीचा सांगाडा), पूर्ण उघडून बांधलेली, पावडर कोटिंग (भट्टीत भाजून पक्का केलेला भुकटीचा रंग) केलेली, होंडाचं जीएक्स २०० इंजिन, सगळी बेअरिंग नवी, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, आणि वर रस्त्यावर चालवायचे कागद. उरलेलं काम माझ्या पसंतीने होणार होतं, पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे होते आणि प्रत्येक टप्प्याला फोटो येणार होते. फोटो आलेही. त्यांतली वेल्डिंग बघत राहावी अशी होती, बारीक आणि एकसारखी, टिग या नाजूक वेल्डिंगवर बसलेल्या हाताची. गाडी दारात आली तेव्हा सांध्यांवर मिग या झटपट वेल्डिंगची ढेकळं होती आणि आजूबाजूला उडालेले थेंब. फोटो इंटरनेटवर शोधले तर ते दुसऱ्याच कुणाच्या कार्टचे निघाले. असा टप्प्याटप्प्याचा व्यवहार करणार असाल तर फोटोवर विसंबू नका. व्हिडिओ कॉलवर फ्रेमभोवती फिरायला सांगा, आणि प्रत्येक सांध्याजवळ तुम्ही तेव्हाच सुचवलेली एखादी खूण खडूने करायला सांगा. खरं काम करणारा मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

आता फ्रेमबद्दल, कारण खरा धोका तिथेच होता. रेसिंग कार्टला सस्पेन्शन नसतं आणि दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियलही नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे ती एकाच वेगाने फिरतात. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं, पण अ‍ॅक्सल त्याला हळू फिरू देत नाही. तोड म्हणून पुढच्या चाकांची भूमिती आणि चासीचं पिळणं असं जुळवलेलं असतं की वळताना आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जातं. थोडक्यात, तिथे फ्रेमच सस्पेन्शनचं काम करते. साधारण २८ ते ३२ मिलिमीटर व्यासाचे क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे पाइप प्रत्येक वळणाला पिळतात आणि पुन्हा सरळ होतात. वर्षानुवर्षं असं झालं की धातू थकतो आणि वेल्डिंगच्या कडेला चीर पडते. सीटच्या आधारापाशी, मागच्या बेअरिंगच्या ब्रॅकेटपाशी, स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला आणि पुढे किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो खिळा) बसतो तिथे ती हमखास शोधावी.

माझ्या कार्टच्या फ्रेममध्ये अशा चिरा होत्या. त्याने त्या वेल्ड करायच्याऐवजी पुट्टीने बुजवल्या, घासल्या आणि रंगवल्या. शिवाय दोन जास्तीचे आडवे पाइप जोडले आणि त्याला ‘रस्त्यासाठी खास मजबुती’ असं नाव देऊन त्याचे वेगळे पैसे घेतले. ही मजबुतीची थाप मला सगळ्यांत जास्त चीड आणते. ऐकणाऱ्याला वाटतं, जास्त पाइप म्हणजे जास्त भक्कम. प्रत्यक्षात फ्रेम ताठ झाली की आतलं चाक उचललं जात नाही, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच ढकलली जाते, आणि जो ताण पूर्ण फ्रेमवर पसरायचा तो उरलेल्या एखाद्या सांध्यावर येतो. बंद मैदानावर पहिल्याच वळणात नेमकं हेच झालं. पुढचे टायर घासत सरळ गेले, मग गाडी एकदम हिसका देऊन आत वळली. थांबून पाहिलं तर मागच्या बेअरिंगच्या ब्रॅकेटजवळ रंगाचा पापुद्रा उडाला होता आणि आत पांढरी पुट्टी दिसत होती. तिथला रंग घासून काढल्यावर जी चीर दिसली ती पाइपाच्या अर्ध्या घेराइतकी होती.

यातूनच कळलं की पावडर कोटिंगही खोटं होतं. खऱ्या पावडर कोटिंगला लोखंड भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसवर भाजावं लागतं. साधी पॉलिस्टर पुट्टी त्या उष्णतेत टिकत नाही, फुगते नाहीतर सुटते. त्यामुळे ज्याला पुट्टी लपवायची आहे तो फ्रेम भट्टीत घालतच नाही, स्प्रे मारतो आणि पावडर कोटिंगचं बिल लावतो. ओळखायला सोपं आहे. फडक्यावर थिनर घेऊन सीटखालच्या न दिसणाऱ्या जागी घासा. पावडर कोटिंग इतक्याने फडक्यावर उतरत नाही, साधा स्प्रेचा रंग बहुधा उतरतो. छोटं चुंबक पाइपावरून फिरवा. पुट्टीच्या थरावर त्याची ओढ कमी झालेली हाताला कळते. आणि शक्य असेल तर डाय पेनेट्रंटचा संच न्या. लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. उघड्या लोखंडावर चीर असेल तर लाल रेघ उमटते. मात्र त्यासाठी रंग काढावा लागतो, आणि विक्रेता तेवढी जागाही घासू देत नसेल तर तिथून निघा.

इंजिनाची गोष्ट वेगळी. साधं औद्योगिक इंजिन कार्टला लावण्यात गैर काही नाही. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स यांनी बांधलेल्या पहिल्या कार्टलाही गवत कापायच्या यंत्रासाठीचं वेस्ट बेंडचं इंजिन होतं. माझी तक्रार अशी की जीएक्स २०० सांगून जीएक्स १६० च्या मापाचं इंजिन गळ्यात मारलं. बाहेरून दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. दोघांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटरच असतो; फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वरखाली किती सरकतो त्याचा. १६० चा ४५ मिलिमीटर, म्हणून १६३ सीसी. २०० चा ५४, म्हणून १९६ सीसी. हेड काढून पिस्टन किती खाली जातो ते मोजलं, तेव्हा स्टिकर खोटं ठरलं. त्याआधीच शंका यावी अशी खूण होती: क्रँककेसवर जिथे नंबर कोरलेला असतो तिथे ग्राइंडर फिरवलेला होता. तिथे ग्राइंडरचे ओरखडे दिसले की पुढे बोलणंच नको.

मी पाहायला गेलो तेव्हा इंजिन आधीच तापवून ठेवलेलं होतं, म्हणजे थंड असताना ते कसं सुरू होतं ते कळू नये. कॉम्प्रेशन मीटर लावला तर आकडा कमी आला. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, ‘याला डिकम्प्रेसर (सुरू करताना सिलिंडरमधला दाब कमी करणारी कळ) असतो, मीटर कमीच दाखवणार.’ हे खरंच आहे, आणि खऱ्याच्या आडून खोटं विकायची त्याची हीच रीत होती. अशा इंजिनाची परीक्षा लीक-डाउनने होते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, क्रँक घट्ट धरून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. माझ्या इंजिनात ती तेल भरायच्या झाकणातून येत होती, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. त्यात इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर काढून टाकलेला. या इंजिनांना तो साधारण ३,६०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास रोखतो. तो काढायचा तर कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हील जास्त आरपीएम सोसणारे बसवावे लागतात. इथे दोन्ही मूळचेच होते. रॉड तुटून केस फोडू शकतो, फ्लायव्हील फुटू शकतं, आणि कार्टमध्ये इंजिन चालकाच्या कमरेपासून हातभर अंतरावर असतं. बिलात याला ‘परफॉर्मन्स काम’ म्हटलं होतं.

बाकीचं थोडक्यात. ‘नवी’ बेअरिंग जुनीच होती, वर ताजं ग्रीस. बदललेलं जुनं सामान परत मिळेल हे आधीच लिहून घ्या, म्हणजे न बदलता बिल लावणं अवघड होतं. दिवे छान पेटायचे, पण इंजिनला चार्जिंग कॉइलच नव्हती. सगळं एका छोट्या बॅटरीवर, ती उतरली की अंधार.

कागदांची थाप मात्र नीट समजून घ्या. बहुतेक देशांत रस्त्यावर येणाऱ्या वाहनाच्या नमुन्याला आधी मंजुरी लागते, मग नोंदणी, मग विमा. रेसिंग कार्ट त्यासाठी बनवलेलीच नसते. ती जमिनीपासून काही सेंटिमीटरवर असते, ट्रकच्या चालकाला दिसत नाही, आणि साध्या कार्टला ब्रेक एकच, तोही मागच्या अ‍ॅक्सलवर. दिवे आणि हॉर्न लावल्याने यातलं काहीच बदलत नाही. मला दिलेल्या कागदावरचा चासी नंबर कुठल्याशा मोटारसायकलचा होता. असा कागद घेऊन रस्त्यावर गेलेला माणूस अपघात झाला तर विम्याविना उभा असतो, वर खोट्या कागदाचं बालंट त्याच्यावरच येतं.

त्याला हे सगळं दाखवलं तेव्हा आधी ‘जुनी वस्तू आहे, असं होणारच’ झालं, मग ‘तुम्हीच आपटली असेल’, मग फोन उचलणं बंद. आपटल्याने ताजी चीर पडते. तिच्या आत पुट्टी जात नाही. घासलेल्या फ्रेमचे, खोडलेल्या नंबरचे फोटो, त्याचे सगळे मेसेज आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल जोडून तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

फ्रेम मी विकली नाही. कुणीतरी पुन्हा पुट्टी भरून रंगवेल, म्हणून सांध्यांवर कापून भंगारात दिली. इंजिनात गव्हर्नर परत बसवला आहे, रिंगा बदलायच्या आहेत. नवी चासी पाहतोय ती बिनरंगाची, गंजलेली, आणि ती मैदानातच फिरणार आहे.