पोलाद, सिरॅमिक की पॉलिइथिलीन: जवानाच्या जाकिटात कुठली प्लेट?

कोल्हापुरात हा प्रश्न दोन तऱ्हेची माणसं विचारतात. एक म्हणजे ज्याच्या पोराचं पोस्टिंग नुकतंच काश्मीरला लागलंय असा गडहिंग्लजचा, कागलचा नाहीतर सैनिक टाकळीचा बाप. 'सरकार देतं ते पुरतं का, की आपण पैसे घालून चांगलं घेऊन द्यावं?' दुसरा निवृत्त सुभेदार. त्याची माणसं बँकेच्या रोकड गाडीवर असतात आणि त्याला चार-सहा जाकिटं विकत घ्यायची असतात. दोघांची गरज वेगळी, पण फसगत एकाच जागी होते. जाकिटाचं कापड, खिसे, रंग यावर तासभर बोलणं होतं आणि आतली प्लेट कशाची हे विचारायचं राहून जातं. रायफलची गोळी अडवते ती प्लेट. बाकीचं जाकीट पिस्तुलाच्या गोळीसाठी, किरचांसाठी आणि प्लेट जागेवर धरून ठेवण्यासाठी.

बापाच्या प्रश्नातली शंका अगदीच निराधार नाही. १,८६,१३८ जाकिटांच्या खरेदीला २००९ मध्ये मंजुरी मिळाली आणि करार झाला एप्रिल २०१८ मध्ये. मधल्या काळात चाचण्यांत पुरवठादार नापास होत गेले, म्हणून २०१६ मध्ये ५०,००० जाकिटं तातडीची सोय म्हणून घ्यावी लागली. बुलेटप्रूफ जाकिटांचं स्वतःचं भारतीय मानक, आयएस १७०५१, तेसुद्धा २०१८ चंच. तेव्हा 'सैन्याचं जाकीट चांगलं की वाईट' असं विचारण्यात अर्थ नाही. पोराच्या हातात पडलेलं जाकीट कुठल्या खेपेचं आहे ते बघायचं. प्लेटीच्या मागच्या लेबलावर उत्पादनाचं वर्ष, संरक्षणाची पातळी आणि मुदत छापलेली असते. २०१८ च्या करारातल्या प्लेटा बोरॉन कार्बाइडच्या आहेत. तसली मिळाली असेल तर बापानं पैसे घरातच ठेवलेले बरे.

बाहेरून विकत घेण्याचा मार्ग अमेरिकेतल्या घरांनी आधीच चालून बघितलाय. इराकमध्ये प्लेटा कमी पडल्या म्हणून २००३-०४ मध्ये आईबापांनी मुलांना जाकिटं विकत घेऊन पाठवली. सरकारनं एका वस्तूमागं ११०० डॉलरपर्यंत भरपाई द्यायचा कायदाही केला. मग २००६ मध्ये तिथल्या लष्करानं बाहेरची जाकिटं घालायलाच बंदी केली, कारण कुणाच्या अंगावरची प्लेट काय अडवेल हे वरिष्ठांना सांगता येईना. आपल्याकडंही युनिटला विचारल्याशिवाय प्लेट घेऊ नये. घेतलेली पेटीत पडून राहते.

आता प्लेटा. तुलना एकाच मापाची धरू, २५ बाय ३० सेंटिमीटर.

पोलादी प्लेट साडेसहा मिलिमीटर जाड असली की कोपरे कापूनही साडेतीन किलोच्या पुढं जाते. पुढं-मागं दोन म्हणजे सात किलो, जाकिटाचं वजन वेगळं. कोल्हापूर फौंड्रीचं गाव, त्यामुळं आपल्याला पोलाद जवळचं वाटतं. शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावात कुणीतरी म्हणतोच, 'च्यूटला लावतो ती ५०० हार्डनेसची प्लेट कापून घेऊ की, विकत कशाला घ्यायची?' ऐकायला बरोबर वाटतं, कारण बाजारातली पोलादी चिलखतं बहुतेक त्याच जातीच्या पोलादाची असतात. घात होतो कापताना. ती कडक केलेली प्लेट असते. दोन-अडीचशे अंशांपुढं तापली की हार्डनेस उतरायला लागतो. गॅस कटरनं कापलेल्या पातळ प्लेटीची कड बऱ्याच आतपर्यंत मऊ होते, आणि छातीच्या आकारासाठी गरम करून वाकवली तर सगळीच. वॉटरजेटनं कापून, थंडच प्रेसवर वाकवली तर गोष्ट वेगळी. पण त्यानंतर ती गोळी झाडून कोण तपासणार? शॉट ब्लास्टिंगच्या, म्हणजे छर्रे मारून कास्टिंग साफ करायच्या यंत्रातल्या मँगनीज लायनरचा तर विचारच नको. तो मार खाऊन कडक होतो, मुळात मऊच असतो. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश सैनिकांचं उलट्या ताटासारखं हेल्मेट ह्याच मँगनीज पोलादाचं होतं. ते वरून पडणाऱ्या छर्ऱ्यांसाठी होतं, रायफलच्या गोळीसाठी नव्हे.

पोलादाचे गुण मात्र मान्य करायला हवेत. आपटलं, फेकलं, त्यावर बसलं तरी काही होत नाही. एकाच जागी अनेक गोळ्या झेलतं. जाडी कमी, त्यामुळं रायफलचा दस्ता खांद्यात नीट बसतो. किंमतही सगळ्यांत कमी. वजनाचा त्रासही पुष्कळजण काढतात. पावसाळ्यातल्या पन्हाळा–पावनखिंड मोहिमेत ओली सॅक वाहणाऱ्यांना सात किलोचं भय घालण्यात अर्थ नाही. ५.५६ मिलिमीटरची हलकी, वेगवान रायफलची गोळी अगदी जवळून आली तर असल्या प्लेटीला भोक पाडू शकते, तेही एक वेळ बाजूला ठेवू.

पोलाद माझ्या यादीतून बाद झालं ते वेगळ्याच कारणानं. कडक पोलादावर आदळलेली गोळी थांबते म्हणजे नाहीशी होत नाही. ती फुटते आणि तिच्या किरचा प्लेटीच्या पृष्ठभागाला लागून चहूबाजूंना सुटतात: वर हनुवटी आणि गळ्याकडं, बाजूला दंडाकडं. आता जवान गोळीबारात असतो कसा ते बघा. पोटावर पडलेला, मान वर, नजर पुढं. प्लेटीची वरची कड गळ्याखालच्या खोबणीत आणि हनुवटी जवळजवळ त्या कडेवर. म्हणजे किरचा जिथं सुटतात नेमका तिथंच गळा. उपाय म्हणून विकणारे प्लेटीवर रबरासारखा जाड लेप देतात. पहिल्या एक-दोन गोळ्यांच्या किरचा त्यात अडकतात. त्याच भागात पुढच्या लागल्या की लेप उचकटतो. शिवाय लेपाचं तीन-चारशे ग्रॅम वजन आणि वाढलेली जाडी आलीच. विकणाऱ्याला हे विचारलं की तो भोक न पडलेली प्लेट दाखवतो. प्लेटीला भोक पडलं नाही हे खरं, पण वर मान होती की. ज्यांना उभ्यानं, दाराआड किंवा गाडीत बसून काम करायचंय त्यांना कदाचित हे एवढं खटकणार नाही. मला खटकलं.

पॉलिइथिलीनची, म्हणजे बोलीत 'पीई'ची प्लेट हातात घेतली की माणूस चकित होतो. पाण्यावर तरंगते. २५ मिलिमीटर जाड असूनही पावणेदोन किलोच्या आत. किरचा उडत नाहीत, कारण गोळी थरांत रुतते. आपटून तडा जात नाही. साध्या एके-४७ ची, मऊ पोलादी गाभ्याची गोळी चांगल्या बनावटीची पीई प्लेट अडवते. गाभा कडक पोलादाचा असेल तर मात्र तिच्या भरवशावर राहू नये. तसला गाभा थर कापत जातो. आणि ही नुसती कागदावरची भीती नाही. ३१ डिसेंबर २०१७ ला पुलवामा जिल्ह्यात लेथपोरा इथं केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तळावर हल्ला झाला, त्यात असल्या कडक गाभ्याच्या गोळ्या वापरल्याचं उघड झालं. काश्मीरला जाणाऱ्यासाठी पीईचा विषय तिथंच संपतो.

रोकड गाडीवाल्या सुभेदारासाठी मात्र तो संपत नाही. त्याच्या माणसापुढं येण्याची शक्यता गावठी कट्ट्याची किंवा पिस्तुलाची. दिवसाचे दहा तास जाकीट अंगावर ठेवायचं असेल तर हलक्या प्लेटीला पर्याय नाही. फक्त उन्हाळ्यात जाकीट बंद गाडीच्या डिकीत ठेवायची सवय मोडायला लागेल. पीई उष्णतेला हळवं असतं, आणि वर्षानुवर्षं तापत राहिलेल्या प्लेटीचे थर कडेनं सुटू लागतात. कडेला नख घालून बघावं. थर उचलला जात असेल तर प्लेट बाद. शिवाय पीईला गोळी लागली की मागच्या बाजूला फुगवटा मोठा येतो. चाचणीत प्लेटीमागं ठेवलेल्या मातीत अमेरिकन मानक ४४ मिलिमीटरपर्यंतचा खोलगटपणा चालवून घेतं, आपलं २५ लाच थांबतं. परदेशी शिक्का दाखवून माल विकणाऱ्याला हा फरक विचारावा.

राहिली सिरॅमिक. माझा कल इकडं आहे, आणि तिच्या खोडी माहीत असूनही आहे. समोर ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइडचा कठीण थर, मागं पीई किंवा ॲरामिडची (केव्लारच्या जातीच्या धाग्याची) गादी. समोरचा थर गोळीचा गाभा फोडतो, मागचा तुकडे पकडतो. फुटलेली कपची बहुतेक आवरणातच राहते. गळ्याकडं जाणारं फार कमी. तिघांत वजनाचा फरक घनतेवरून काढा: ॲल्युमिना पाण्याच्या सुमारे ३.९ पट, सिलिकॉन कार्बाइड ३.२, बोरॉन कार्बाइड २.५. किंमत बरोबर उलट्या क्रमानं चढते. एप्रिल २०२४ मध्ये डीआरडीओच्या कानपूरच्या प्रयोगशाळेनं आयएस १७०५१ च्या सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचं जाकीट दाखवलं. त्याची स्वतंत्र वापरायची प्लेट चौरस मीटरला ४३ किलोच्या आत आहे. आपल्या मापाला लावलं तर सव्वातीन किलो. म्हणजे पोलादापेक्षा कमी वजनात, पोलादाला न झेपणारी चिलखतभेदी गोळी अडते.

'स्वतंत्र' हा शब्द नीट धरा, कारण सर्वांत जास्त चुका इथं होतात. काही प्लेटा एकट्याच पुरतात, त्या 'स्टँडअलोन'. काही मात्र मागं ठरावीक मऊ पॅनेल असेल तरच लेबलवर लिहिलेली पातळी गाठतात. त्यांच्यावर 'आयसीडब्ल्यू' (इन कंजंक्शन विथ, म्हणजे 'च्या जोडीनं') लिहिलेलं असतं. डीआरडीओच्या त्याच जाकिटाची या दुसऱ्या जातीची प्लेट चौरस मीटरला ४० किलोच्या आत बसते. हलकी दिसते म्हणून ती घेऊन नुसत्या कापडी कॅरियरमध्ये घातली तर गोळीचे तुकडे मागून बाहेर येऊ शकतात. लेबलवर दोन्हींपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर ती प्लेट हलकी आहे की जड याची चर्चाही करू नये. तीच गोष्ट दिशेची. 'स्ट्राइक फेस' लिहिलेली बाजू बाहेर. उलटी घातलेली सिरॅमिक प्लेट म्हणजे आधी गादी आणि मग फरशी. काम करत नाही.

तिची खोडी म्हणजे तडा. काँक्रीटवर कोपऱ्यावर आपटली, ट्रकमधून जाकिटांचा ढीग खाली टाकला, जाकिटावर बसून जेवण झालं, की आत केसाएवढा तडा जाऊ शकतो आणि आवरणामुळं दिसत नाही. खात्री एक्स-रेनंच. हाताशी करता येण्यासारखं एवढंच: प्लेट दोन्ही हातांनी आडवी धरून हलकेच पिळायची आणि कानाजवळ ऐकायचं. काचेचा चुरा घासल्यासारखी करकर आली तर बाजूला काढा. मग बोटाच्या पेरानं सगळीकडं ठोका; माठ घेताना ठोकतो तसं. एकाच जागी बद्द आवाज आला तर संशय धरावा. ही परीक्षा प्लेट नापास करू शकते, पास करू शकत नाही. कडेपासून पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात लागलेल्या गोळीची हमीही बहुधा कुणी देत नाही, कारण चाचणीत तिथं गोळी झाडतच नाहीत.

तरीही तडा जाण्याची भीती असलेली सिरॅमिक मला पत्करते, कारण तिची काळजी माझ्या हातात आहे. पोलादाच्या किरचांना वळण लावणं कुणाच्या हातात नाही. हे मत आहे, सगळ्यांना पटावं असा आग्रह नाही.

प्लेट कुठलीही असो, बसवणी चुकली तर पैसे पाण्यात. वरची कड दोन हाडांमधल्या गळ्याच्या खोबणीला टेकली पाहिजे. बहुतेकजण ती चार बोटं खाली, पोटावर घालतात. बसायला बरं वाटतं म्हणून. मग हृदयाच्या वरच्या मोठ्या नसा उघड्या राहतात. मागची प्लेट त्याच उंचीवर. पोटावर झोपून मान वर करून बघावी. हेल्मेटची मागची कड जाकिटाच्या कॉलरला अडून डोळ्यांवर येत असेल तर कॉलर काढायची किंवा खांद्याचे पट्टे सैल करायचे.

हेल्मेटचं थोडक्यात. पटका, म्हणजे डोक्याभोवती बांधायचं बुलेटप्रूफ कवच, एके-४७ ची गोळी कपाळावर झेलतो, पण अडीच किलोच्या आसपास असतो आणि डोकं वरून उघडं राहतं. नवं कंपोझिट हेल्मेट डोकं पूर्ण झाकतं, पण किरचा आणि ९ मिलिमीटरपर्यंतच. हा निर्णय युनिटचा असतो, घरच्यांनी त्यात डोकं घालू नये.

बापाच्या हातात पैसे उरलेच असतील तर अस्सल बनावटीचं एक टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) आणि गुडघ्याचे पॅड घेऊन द्यावेत. हातापायाला कुठलीच प्लेट नसते. टूर्निकेटच्या नकला फार आहेत. मांडीवर बांधून दांडी तीनदा पिळायची, वाकली तर दुकानदाराला परत. सुभेदारानं मात्र सगळ्याच जाकिटांना पीई घ्यावी, आणि एखादं काम खरोखरच रायफलीपुढचं असेल तर त्या कामावरच्या माणसांसाठी स्वतंत्र सिरॅमिक.

आणि पोरगा रजा संपवून कोल्हापूर स्टेशनवर निजामुद्दीनची गाडी धरताना जाकीट बरोबर असेल, तर प्लेटा काढून प्रत्येकीला टॉवेलात गुंडाळायचं आणि काळ्या ट्रंकेत उभ्या ठेवायच्या, कपड्यांच्या मधोमध. तळाशी आडव्या नकोत. ट्रंक बर्थखाली सरकवताना पहिला दणका तळालाच बसतो.