दीड लाख वाचवायला गेलो आणि डांबर विकत घेऊन आलो

आधीच सांगतो: "एवढा शिकलेला माणूस, तू कसा फसलास?" हे बायकोनं म्हणून झालंय, साडूनं म्हणून झालंय, कंपनीच्या कँटीनमध्ये तर रोज चाललंय. तुम्ही म्हणू नका. गाडीत बाहेरून म्युझिक बसवायचं मनात असेल तर फक्त वाचा.

पाडव्याला गाडी घ्यायची ठरलं. टॉप मॉडेलमध्ये नावाजलेल्या ब्रँडची सिस्टीम कंपनीतूनच बसून येत होती: आठ स्पीकर, सबवूफर, स्वतंत्र ॲम्प्लिफायर. मधल्या मॉडेलला साधे चार स्पीकर. दोन्हींच्या किमतीत फरक 1,42,000 रुपये. त्या पैशात सनरूफही येत होता, पण सनरूफमधून मी काय पंचगंगेचा पूर बघणार होतो? साडू म्हणाला, "पावणं, मधलं मॉडेल घ्या आणि पन्नास-साठ हजारात बाहेरून बसवा. कंपनीच्या वर वाजतंय."

हा हिशेब चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणतो. कंपनीतून येणाऱ्या 'प्रीमियम' सिस्टीममध्ये बऱ्याचदा जाळीवरची नावाची पट्टी भारी असते आणि आतले स्पीकर साधेच असतात. ते बरे वाजतात, कारण गाडीच्या आकाराप्रमाणे त्यांचं ट्यूनिंग केलेलं असतं. तेवढ्याच पैशात बाहेर चांगले कॉम्पोनंट स्पीकर (जाड आणि बारीक आवाजाचे वेगवेगळे), डीएसपी (आवाज गाडीप्रमाणे जुळवणारं यंत्र) आणि नीट काम करणारा माणूस मिळाला तर आवाज नक्की वरचढ निघतो. कोल्हापुरात अशी माणसं आहेतही. मी त्यांच्याकडे गेलो नाही, एवढंच.

दुकानाचं नाव लिहीत नाही, वकिलानं मना केलंय. मालकानं डेमो गाडीत बसवलं, एसी लावला, हलगीचा ठेका सुरू केला. छातीत थाप बसत होती. मी तिथंच अर्धा संपलो. मग कागदावर आकडे आले: पुढचे कॉम्पोनंट स्पीकर 14,500, मागचे 6,000, चार चॅनेलचा जपानी ब्रँडचा ॲम्प्लिफायर 16,000, सीटखालचा सबवूफर 11,500, दारांचं डॅम्पिंग (पत्र्याची थरथर थांबवायचं अस्तर) 5,500, वायरिंग आणि मजुरी 5,000. एकूण 58,500. ॲडव्हान्स दहा हजार गुगल पेवर, नंतर साडेअठरा हजार तसेच, उरलेले तीस हजार रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "भावा, बिल पायजे तर टॅक्स वर पडतोय बघ." मी गप्प बसलो. ही माझी चूक, मान्य. पण बाजारात कोण पक्कं बिल घेतंय ते हात वर करून सांगा. हातात आलं ते 'अंदाजपत्रक' छापलेलं गुलाबी पान. आणि गुगल पेवर जे नाव उमटलं ते दुकानाचं नव्हतं, कुठल्यातरी बाईचं होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण थांबायला हवं होतं ती खरी जागा ही नव्हे. त्या जागेकडे येतो.

ॲम्प्लिफायर त्यानं माझ्या हातात दिला. "वजन बघा सायेब, लोकल माल असा असतोय व्हय?" वजनदार होता. बाजूला चार स्पीकरच्या वायरी लावायच्या जागा आणि शेजारी निळा फ्यूज, त्यावर 15 आकडा. खोक्यावर ठळक 1600 वॅट. ते पीक, म्हणजे बाजारू आकडा, तेवढं मलाही कळतं. मी आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी खरी पॉवर, विचारलं. म्हणाला, "शंभर वॅट एकेका चॅनेलला." म्हणजे चारशे. आता साधा गुणाकार करा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14 व्होल्ट असतात. गुणिले त्या फ्यूजमधून जाणारे 15 अँपिअर, झाले 210 वॅट. आत जास्तीत जास्त 210 जाणार आणि बाहेर चारशे येणार? आत काय दगडी कोळशाची भट्टी लावलीय? शिवाय आत जाणाऱ्या विजेतली काही उष्णता होऊन वाया जाते, ती वेगळीच.

आणि मी कोण? मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्याच्या कास्टिंगमधले दोष शोधण्याचा पगार घेतो. गुजरीत बायकोची नथ घेताना चार वेळा काटा बघतो. तो पंधराचा आकडा मी बघितला. नुसता बघितला नाही, विचारलंसुद्धा: "एवढाच फ्यूज?" तो म्हणाला, "जपानी टेक्नॉलॉजी हाय, करंट कमी खातंय." आणि मी मान डोलावली. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा मला ती माझी मानच दिसते. पैशांचं दुःख त्यानंतरचं.

गाडी तिथं बसवली नाही, 'गोडाऊनला' नेली. "गर्दी हाय, संध्याकाळी या." (गाडी नजरेआड करू देऊ नका. खुर्ची टाकून बसा, रजा टाका, लाज बाळगू नका.) संध्याकाळी रिकामी खोकी डिकीत व्यवस्थित रचलेली. खोकी अस्सल होती! खोक्यावरचा सीरियल नंबर आणि मालावरचा नंबर जुळवायचा असतो, हे मला चार महिन्यांनी कळलं. गाडीचे मूळ चार स्पीकर परत मागायचे असतात, हेही.

मेमध्ये दारातून वास यायला लागला. नवीन रस्ता केल्यावर येतो तसा. मग दाराच्या खालच्या कडेनं काळं ओघळलं आणि मुलीच्या पांढऱ्या सलवारीला लागलं. डॅम्पिंगला ब्यूटाइल रबराची शीट असते. यानं पत्र्याच्या छपराला लावतात तसली चांदीच्या कागदाची डांबरपट्टी चिकटवली होती. उन्हानं डांबर वितळलं आणि दाराच्या तळाला पाणी निघून जायला जी भोकं असतात त्यात जाऊन बसलं. जुलैचा आपला पाऊस तुम्हाला माहीत आहे. दार उघडलं की आत कळशी हिंदकळल्यासारखा आवाज. त्याच महिन्यात गगनबावड्याच्या घाटात जळका वास आला आणि सिस्टीम बंद पडली. घरचे सगळे गाडीत होते.

सर्व्हिस सेंटरनं डॅशबोर्ड उघडला. कपलर (जोडणीचा तयार प्लग) न वापरता मूळ वायरी कापून, पिळून, टेप गुंडाळलेली. वायरिंगची वॉरंटी नाकारली. मी भांडलो, पण फोटो बघून आवाजच बसला. हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) दुरुस्ती 9,350, दारांची सफाई 2,400, मूळ जातीचे चार स्पीकर नव्यानं घ्यायचे तर 11,800. म्हणजे 58,500 अधिक 23,550, एकूण 82,050 रुपये.

सांगलीच्या एका ओळखीच्या फिटरनं बाकीचं खोललं. मेन वायर ब्लेडनं खरवडली तर वरून तांबं, आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतका करंट ती पेलत नाही, तापते. बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज हवा तो नव्हताच. म्हणजे वायर कुठं घासली असती तर गाडी पेटायला अडवणारं काही नव्हतं. ॲम्प्लिफायर उघडला. तळहाताएवढं सर्किट आणि बाकी जागेत गोंदानं चिकटवलेला बिडाचा तुकडा. वजनासाठी. मी बिडाच्याच कारखान्यात आहे. तुकडा हातात घेऊन फिरवून बघितला. ब्लोहोल (ओतकामात राहिलेलं हवेचं भोक) नाही, काही नाही. त्या सगळ्या सिस्टीममधलं तेवढंच एक उत्पादन इन्स्पेक्शनला पास झालं असतं.

दुकानदार आधी "बघूया", मग "माल तुम्हीच बदलला", मग फोन बंद. मध्ये एकदा मेहेरबानी म्हणून व्हॉट्सॲपवर 'पक्कं बिल' पाठवलं. त्यावरचा जीएसटी नंबर चौदा अक्षरांचा. खरा पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला 27 नं सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव दिसतं, फुकट. पैसे देण्याआधी टाका.

मग पोलीस. पहिल्या दिवशी सांगितलं, दुकान आमच्या हद्दीत पण काम गोडाऊनला झालं, तिकडं जा. तिकडचे म्हणाले, पैसे कुठून पाठवले? घरातून? मग घराच्या हद्दीत जा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुठलीही असो, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमात लिहिलंय. मी ते मोबाईलवर दाखवलं तर हवालदार म्हणाले, "लई वाचताय वाटतं." तिसऱ्या ठिकाणी तर, "सायेब, टेप वाजत न्हाई म्हणून गुन्हा दाखल करू व्हय?" शेजारचे दोघं हसले. मीही हसलो, कसंनुसं. टेप वाजत नाही म्हणून नव्हे हो, बनावट माल अस्सल म्हणून विकला म्हणून! "दिवाणी मामला हाय" हे वाक्य मी तीन ठाण्यांत मिळून अकरा वेळा ऐकलं. अर्ज घेतला, पण पोच नाही. आवक शिक्का मागितला तर शिक्केवाले जेवायला गेलेले. चार वाजता! पुढच्या खेपेला तो अर्ज सापडलाच नाही. अर्ज द्याल तर दोन प्रती न्या आणि शिक्का पडल्याशिवाय जागचे हलू नका.

ज्या ब्रँडचं नाव वापरलं त्या कंपनीला फोटोंसह ईमेल केला. उत्तर आलं की हा सीरियल नंबर आमच्याकडे नाही, खरेदीचं बिल जोडा. अहो, बिल असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? तुमच्या नावानं बिडाचे तुकडे विकले जातायत आणि तुम्ही मलाच पावती मागताय. त्यानंतर सहा ईमेल, शून्य उत्तर. एका तक्रार हेल्पलाइनवर नोंद केली तर एकवीस दिवसांनी मेसेज, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' काय निकाल लागला ते मला सोडून सगळ्यांना माहीत असावं. चुलत भाऊ वकील आहे. तो म्हणाला, ट्रेडमार्क कायद्यात बनावट मालाची झडती-जप्ती उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, शिवाय आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. म्हणजे मी तीन ठाण्यांत ज्यांच्यापुढे हात जोडले त्यांना ते जमणारच नव्हतं. तेवढं तरी एकानं सांगायचं!

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिलीय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. पुरावा म्हणून गुलाबी पान, गुगल पेचे दोन स्क्रीनशॉट आणि तो ॲम्प्लिफायर. रोख दिलेले तीस हजार सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नाही. टॅक्स वाचवला ना.

कुणी विचारतं, मग टॉप मॉडेल घेऊ का? पैसे असतील तर घ्या. आवाजासाठी नव्हे. बंद पडलं तर गाडी शोरूमच्या दारात लावून ओरडता येतं म्हणून. बाहेरून बसवायचंच असेल तर माल स्वतः अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या आणि फिटरला फक्त मजुरी द्या. खोकं तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. डेमो गाडीतला आवाज विकत मिळत नसतो.

साडू परवा म्हणाला, त्याच मालकानं दुसऱ्या गल्लीत नवीन बोर्ड लावलाय, उद्घाटनाची तीस टक्के सूट आहे. माझ्या गाडीत सध्या एकच दार वाजतं, ड्रायव्हरच्या मागचं. मुलगी तिथं बसते. गाणं बदलायचं झालं की आम्ही तिलाच विचारतो, काय लागलंय.