टीशर्ट छपाई : रंग टिकला, पण एस्टोनियाचा झेंडा गंडला

बेळगावातल्या शहापुरातल्या एका टीशर्ट छपाईवाल्याबद्दल लिहितोय, नाव घालत नाही कारण माणूस वाईट नाही, पण मजकूर छापायला देणार असाल तर आधी हे वाचा.

आमचा व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी पळणाऱ्यांचा ग्रुप आहे, २५ जण. यंदा २२ ऑगस्टला पळायचं ठरलं तेव्हा मीच म्हटलं की १९२० ची अँटवर्प ऑलिंपिक मॅरेथॉन पण २२ ऑगस्टलाच झाली होती, आणि त्यात आपल्या बेळगावचा फडेप्पा चौगुले पळाला होता, १९ वा आला, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदात, मग टीशर्टवर तेच टाकूया की. डेक्कन जिमखान्यावर अनवाणी पळणारी पोरं बघून दोराबजी टाटांनी जी टीम पाठवायची खटपट केली त्यातला हा गडी. त्यामुळे छातीवर चौगुले, आणि पाठीवर युरी लॉसमान.

लॉसमान कोण हे ग्रुपमध्ये पण सगळ्यांनी विचारलं. एस्टोनियाचा माणूस, १८९१ चा जन्म. देश १९१८ ला स्वतंत्र झालेला आणि स्वतःच्या नावानं पहिल्यांदाच ऑलिंपिकला आलेला, आणि हा मॅरेथॉनमध्ये दुसरा. पुढं फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन, ज्यानं १९१२ ला तीन गोल्ड मारलेली, त्याच्या मागं फक्त १३ सेकंद! पावणेत्रेचाळीस किलोमीटर पळून १३ सेकंद, म्हणजे आपण बुटाची नाडी बांधतो तेवढ्यात गेलं की ओ गोल्ड. (तिसरा आलेला इटलीचा आर्री, त्यानं तर पोचल्यावर कोलांट्या मारल्या, आमच्यातला एकजण पण मारतो पण ते वेगळ्या कारणानं.) १९२४ ला पॅरिसला लॉसमान परत पळाला, पुढं १९४४ मध्ये देश सोडून स्वीडनला गेला आणि तिथंच १९८४ मध्ये वारला, ९३ वर्षांचा होऊन. मला हाच जास्त आवडतो, कोलेमाइनेन सगळ्यांना माहीतच असतो.

आता दुकानाचं. मालकाला मी अण्णा म्हणतो. काम घेताना गोड बोलतात, "करून देतो की हो, परवा या." परवाचे सहा दिवस झाले, ते बेळगावात धरूनच चालायचं. त्रास वेगळाच झाला. अँटवर्पचा रस्ता ४२.७५ किलोमीटर होता, ऑलिंपिकमधला सगळ्यात लांब, मी तसंच लिहून दिलेलं, आणि डिझाइनवाल्या पोरानं न विचारता ते ४२.१९५ करून टाकलं, म्हणे मॅरेथॉन तेवढीच असती, मी गूगल केलं. बरं तेवढ्यावर थांबला नाही, १३ सेकंदाचं १३ मिनिटं केलं. अरे १३ मिनिटं मागं असता तर त्याला पाठीवर कशाला घेतला असता?

झेंडा तर बघण्यासारखा. निळा, काळा, पांढरा असे तीन पट्टे, आणि टीशर्ट काळा. मधल्या पट्ट्याला शाईच लावली नाही. वर निळी पट्टी, खाली पांढरी, मध्ये मोकळं. मी विचारलं तर अण्णा शांतपणे म्हणतात, "कापडाचाच काळा घेतलाय की." यावर काय बोलणार, चुकीचं पण नाही ते!

भांडल्यावर आकड्यांच्या नवीन पट्ट्या फुकट काढून जुन्यावर गरम दाबून बसवल्या, झेंड्याला पांढरी किनार दिली. पैसे वाढवले नाहीत, २७० रुपये नग. पण दोन थर झाल्यामुळं पाठीवर प्लास्टिकचा पुठ्ठा लावल्यासारखं वाटतं, घाम आला की आतनं चिकटतं. रंगाला मात्र नाव ठेवायला जागा नाही, आठ-नऊ धुण्यात आणि बेळगावच्या पावसात एवढं पळून एक कोपरा सुटला नाही.

पाचपैकी तीन. देणार असाल तर पांढरा किंवा फिका पॉलिस्टर घ्या, त्यात रंग कापडात मुरतो, चिकटत नाही. मजकूर मराठीत स्वतः टाइप करून व्हॉट्सॅपवर पाठवा, आणि एक सॅम्पल हातात घेतल्याशिवाय बाकीचे २४ छापू देऊ नका, त्या पोराला गूगल करायला वेळ मिळतो.