रिकॉम्बिनंट मानवी जीएम-सीएसएफ आणि इंटरल्यूकिन-४ : वापरानंतरचा अभिप्राय

रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून डेन्ड्रिटिक पेशी (इतर रोगप्रतिकारक पेशींना परक्या घटकाची ओळख करून देणाऱ्या पेशी) तयार करण्याची पद्धत सालुस्तो आणि लान्झाव्हेक्किया यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून जीएम-सीएसएफ व इंटरल्यूकिन-४ ही सायटोकाइनची, म्हणजे पेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनांची, जोडी असंख्य प्रयोगशाळांमध्ये नित्य वापरात आहे. आम्ही ही दोन्ही प्रथिने ज्या पुरवठादाराकडून घेतो, त्यांच्या मालाविषयी हा अभिप्राय आहे. माल चांगला आहे, आणि आम्ही तो पुन्हा मागवू. परंतु त्याचे चांगलेपण लेबलावर ठळक छापलेल्या ९५ टक्के शुद्धतेत नाही.

दोन्ही प्रथिने ई. कोलाय जीवाणूमध्ये बनवलेली असून लायोफिलाइझ केलेल्या (गोठवून सुकवलेल्या) पुडीच्या रूपात, १० मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये (छोट्या कुपीत) येतात. ही पूड डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून झाकण उघडण्यापूर्वी व्हायल थोडा वेळ सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेणे आवश्यक आहे. सोबतच्या पत्रकात ही सूचना आहे, तसेच द्रावण १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा पातळ करून साठवू नये, छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवावे आणि पुन्हा पुन्हा गोठवणे-वितळवणे टाळावे, हेही स्पष्ट लिहिलेले आहे.

आता शुद्धतेविषयी. इंटरल्यूकिन-४ च्या १२९ अमिनो आम्लांच्या साखळीत तीन डायसल्फाइड बंध (गंधकाच्या अणूंमधील जोड) असतात, आणि ई. कोलायमध्ये हे प्रथिन बहुधा अविद्राव्य गोळ्यांच्या रूपात साचत असल्यामुळे ते विरघळवून पुन्हा योग्य घडीत आणावे लागते. ही घडी चुकली, तरी क्षपणकारक घालून चालवलेल्या एसडीएस-पेज जेलवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत) पट्टा तितकाच स्वच्छ दिसतो, कारण तेथे हे बंध तोडूनच प्रथिन पाहिले जाते. म्हणून शुद्धतेच्या आकड्यापेक्षा पेशींवर मोजलेली क्रियाशीलता मला अधिक विश्वसनीय वाटते. या पुरवठादाराच्या लॉट-प्रमाणपत्रावर (लॉट म्हणजे एका वेळी बनवलेला माल) टीएफ-१ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींच्या वाढीवरून काढलेली ईडी-५०, म्हणजे कमाल प्रतिसादाच्या निम्मा प्रतिसाद देणारी मात्रा, नोंदवलेली असते, आणि त्याच पेशींवर आम्हाला मिळालेली मूल्ये तिच्या जवळपासच आली. ज्यांच्या प्रयोगपद्धतीत मात्रा युनिटमध्ये दिलेली आहे, त्यांनी हा आकडा अवश्य वापरावा: ईडी-५० ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, तर विशिष्ट क्रियाशीलता १ कोटी युनिट प्रति मिलिग्रॅम होते, आणि लॉट बदलला की हा हिशेब नव्याने करावा लागतो.

ई. कोलायमध्ये शर्करा-साखळ्या जोडल्या जात नाहीत, याची चिंता काही सहकारी करतात. जीएम-सीएसएफच्या बाबतीत पेशीसंवर्धनापुरती ती अनाठायी आहे, कारण शर्करेविनाही हे प्रथिन पूर्ण क्रियाशील राहते.

खरी काळजी एन्डोटॉक्सिनची. जीवाणूच्या आवरणातील हा घटक मोनोसाइटना अत्यल्प प्रमाणातही जाणवतो, आणि आपण तर नेमक्या त्याच पेशींना ही प्रथिने कित्येक दिवस देत असतो. पुष्कळ पुरवठादार ‘१ ईयू प्रति मायक्रोग्रॅमपेक्षा कमी’ एवढीच हमी देतात; ईयू हे एन्डोटॉक्सिन मोजण्याचे एकक आहे. जीएम-सीएसएफची मात्रा ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर धरली, तर या मर्यादेनुसार माध्यमात ०.०५ ईयू, म्हणजे सुमारे ५ पिकोग्रॅम एन्डोटॉक्सिन प्रति मिलिलिटर येऊ शकते; त्यात इंटरल्यूकिन-४ ची भर पडते आणि माध्यम बदलताना पुन्हा तेवढेच घातले जाते. आम्ही वापरलेल्या लॉटची हमी प्रति मायक्रोग्रॅम ०.१ ईयूच्या आतली होती. तिचा परिणाम पेशींवर दिसला: कोणतेही उद्दीपन देण्यापूर्वी सीडी-८३ (परिपक्व डेन्ड्रिटिक पेशींवरील खूण) अत्यल्प होते, पेशी खरोखरच अपरिपक्व राहिल्या होत्या, आणि एन्डोटॉक्सिन निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन-बी घातल्याने टीएनएफ या दाहकारक प्रथिनाच्या पातळीत काही फरक पडला नाही. पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणाहून घेतलेल्या मालात याच्या उलट घडत असे, आणि ‘नियंत्रण’ म्हणून ठेवलेल्या पेशी आधीच जाग्या झालेल्या असत. अशा पेशींवर काढलेला कोणताही निष्कर्ष मी स्वीकारू शकत नाही.

दोन उणिवा मात्र सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे एन्डोटॉक्सिनचे प्रत्यक्ष मोजलेले मूल्य प्रमाणपत्रावर नसते, केवळ मर्यादा असते. मोजमाप झालेलेच आहे, तर तो आकडा छापण्यास अडचण नसावी. दुसरी अधिक त्रासदायक आहे. बोवाइन अल्ब्युमिन मिसळलेली आणि न मिसळलेली अशी दोन्ही रूपे हा पुरवठादार विकतो, परंतु व्हायलवरील लेबल दोन्हींचे जवळजवळ सारखेच असून फरक केवळ कॅटलॉग क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरात आहे. पेशीसंवर्धनासाठी अल्ब्युमिन उपकारक आहे, कारण विरळ द्रावणातील प्रथिन त्यामुळे नळीच्या भिंतीला चिकटून वाया जात नाही. पण ज्यांना या प्रथिनाला बायोटिन किंवा प्रदीप्त रंग जोडायचा आहे, त्यांचा बहुतेक रंग अल्ब्युमिनलाच जाऊन चिकटेल.

उंदरांच्या पेशींवर काम करणाऱ्यांनी ही जोडी घेऊ नये, कारण ही दोन्ही मानवी प्रथिने उंदरांच्या ग्राहींवर काम करत नाहीत. मानवी मोनोसाइटवर दीर्घकाळ चालणारे काम असेल, तर प्रथम एकच व्हायल घेऊन सीडी-८३ तपासावे आणि समाधान झाल्यास त्याच लॉटचा पुरेसा साठा आपल्यासाठी राखून ठेवण्यास सांगावे. विनंती केल्यास हा पुरवठादार ते करतो.