जुना, रंगवलेला, नवा की हातचा? मॉडेल रेल्वेच्या चार डब्यांचा भाव लावताना

अमळनेरचे एक शिक्षक मित्र गेल्या महिन्यात भुसावळला आमच्याकडे आले, ते मोबाइलमध्ये चार डब्यांचे फोटो घेऊनच. चौघांची मागणी वेगवेगळी, विकणारे वेगवेगळे, आणि सरांचं बजेट एका डब्यापुरतं. "कोणता घेऊ आणि जास्तीत जास्त किती देऊ, एवढंच सांग," म्हणाले. त्या दुपारी आम्ही जे बोललो ते इथे सविस्तर मांडतो. आपल्या खान्देशात घराघरात रेल्वेची नोकरी आहे, रेल्वेची माया आहे, पण संग्राहकांचा डबा हातात घेऊन पारखता येईल असं दुकान जळगाव-धुळे-नंदुरबारात माझ्या पाहण्यात नाही. सगळा सौदा फोटोवर होतो आणि माणूस फोटोवरच फसतो.

आधी चारही डबे सांगतो. पहिला लायोनेल या अमेरिकन कंपनीचा १९५०च्या दशकातला ६४६४ मालिकेतला बंद मालडबा. रंग मूळचा, छतावर दोन ओरखडे, खोका नाही. दुसरा त्याच मालिकेतला, पण आरशासारखा चकचकीत आणि खोक्यासकट. त्याची मागणी पहिल्याच्या दुपटीहून जास्त. तिसरा मार्कलिन या जर्मन कंपनीचा नवाकोरा मालडबा, 'मर्यादित आवृत्ती' आणि वर क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र. चौथा आपल्या पाचोरा-जामनेर नॅरोगेजचा डबा, एका हौशी कारागिराने हाताने केलेला.

सरांना मी पहिला प्रश्न विचारला तो भावाचा नव्हताच. डबा चालवायचा आहे की जपायचा? त्यांच्या घरी दोन रुळांचा एचओचा छोटा गोल मार्ग आहे. एचओ म्हणजे १:८७ प्रमाण, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. लायोनेलचे हे डबे ओ गेजचे, तीन रुळांचे, अंतर ३१.७५ मिलिमीटर. म्हणजे पहिले दोन डबे सरांच्या मार्गावर चढणारच नाहीत, ते कपाटात बसणार. सर म्हणाले, जपायचाच आहे. मग पुढचं बोलणं सोपं झालं, कारण चालवणाऱ्याचा रास्त भाव आणि जपणाऱ्याचा रास्त भाव एक नसतो. चालवणाऱ्याला चाकं गुळगुळीत फिरली की पुरे. जपणारा मूळपणाला पैसे मोजतो.

आता भाव कुठून काढायचा? रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे समजावून सांगावं लागत नाही. बोर्डावर एक भाव लिहिलेला असतो आणि बागेत व्यापारी देतो तो वेगळाच. डब्यांचंही तसंच आहे. ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याने टाकलेली किंमत हा बोर्डाचा भाव. कोणी काहीही मागू शकतो, आणि तोच डबा त्याच किमतीला वर्षभर पडूनही राहतो. त्या संकेतस्थळांवर 'विकले गेलेले' एवढंच गाळून बघायची सोय असते, ती वापरायची. तोच क्रमांक, तीच अवस्था, खोका असेल-नसेल तेही तेच, असे पाच-सहा झालेले सौदे शोधून कागदावर उतरवायचे.

समजा सहा सौदे सापडले: २,१००, २,४००, २,५००, २,६००, २,९०० आणि ५,८०० रुपये. सरासरी काढली तर ३,०५० येते, आणि तिथेच चूक होते. शेवटच्या सौद्यात दोन माणसं हट्टाला पेटलेली असणार. मधला भाव बघितला तर २,५५० येतो, तोच धरायचा. एका लिलावातल्या हट्टापायी तुम्ही पाचशे रुपये जास्त का द्यायचे?

पहिला आणि दुसरा डबा शेजारी ठेवून बघू, कारण नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच ठेच खातो. डोळ्याला दुसरा सुंदर दिसतो. पण सत्तरीला आलेला डबा इतका झळकत असेल तर आनंद व्हायच्या आधी शंका यायला हवी. बहुतेक वेळा तो पुन्हा रंगवलेला निघतो, आणि रंगवलेल्या डब्याला संग्राहक मूळ रंगाच्या ओरखडलेल्या डब्यापेक्षा कमी मोजतात. चकाकीसाठी जास्त मागणं हा विकणाऱ्याचा हिशेब झाला, बाजाराचा नव्हे.

रंग ओळखायच्या खुणा आहेत. दार सरकवून आतली कड बघा, कोपऱ्यात आणि रिवेटच्या बुडाशी रंग साचलाय का बघा. कारखान्यातला रंग पातळ आणि सारखा असतो, रिवेट टोकदार दिसतात. रंगाचा दुसरा थर चढला की ते गोलसर होतात. अक्षरांवरून नख फिरवा. नंतर चिकटवलेल्या अक्षरांना पातळ कातडीची कड लागते. नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च अंधाऱ्या खोलीत मारला तर नवा रंग आणि जुना रंग बऱ्याचदा वेगळे उजळतात. फोटोवर सौदा असेल तर हे सगळे फोटो मागून घ्यायचे. द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी घेत नाही.

६४६४ मालिका १९५३ साली सुरू झाली आणि तिचे चाहते बारकाव्यांसाठी पैसे मोजतात. साचा वर्षानुवर्षे बदलत गेला, अक्षरांना जागा करायला रिवेटच्या काही रांगा तोडल्या गेल्या. सुरुवातीच्या डब्यांच्या बोगी धातूच्या होत्या, १९५७पासून प्लास्टिकच्या येऊ लागल्या. (बोगी म्हणजे शेडमधली माणसं म्हणतात ती, डब्याखालची चाकांची चौकट. प्रवासी म्हणतात तो अख्खा डबा नव्हे.) म्हणून १९५३च्या अंगाखाली प्लास्टिकची बोगी दिसली, तर दोन डब्यांचे भाग जोडून एक केलेला असू शकतो. दारं तर सहज निघतात आणि सहज बदलली जातात. दाराचा रंग अंगाच्या रंगाशी आणि झिजेशी जुळतो का, हे मी सगळ्यात आधी बघतो. पूर्वी एकदा मी हेच बघितलं नव्हतं. मूळ म्हणून घेतलेल्या डब्याचं एक दार नंतरच्या काळातल्या पुनर्निर्मितीचं निघालं. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं, आणि तो डबा मला पुढे निम्म्या पैशात द्यावा लागला. त्याचं वाईट अजून वाटतं.

अवस्थेला नावं देण्याची एक पद्धत ठरलेली आहे. अमेरिकेत १९५४ साली स्थापन झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनची श्रेणी संग्राहकांत चालते: सी-१० म्हणजे कारखान्यातून आल्यासारखा निर्दोष, आणि तिथून खाली सी-१ म्हणजे भंगार. सी-८ जवळपास नवा, सी-६ वापरलेला पण चांगला. लक्षात ठेवायचं ते हे, की श्रेणी सारख्या अंतराने उतरते, भाव तसा उतरत नाही. सी-६ ते सी-८ या दोनच पायऱ्यांत किंमत फार चढते. म्हणूनच विकणारा सी-६ला सी-८ म्हणायला बघतो. सरांचा पहिला डबा मी सी-६ धरला. विकणाऱ्याने 'जवळपास नवा' लिहिलं होतं. छतावर दोन ओरखडे असलेला डबा जवळपास नवा नसतो.

आणि वय. 'सत्तर वर्षं जुना' हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं. जुनेपणाला स्वतःची किंमत नाही. लायोनेलचा १९४७ साली आलेला दूधगाडीचा डबा घ्या. बटण दाबलं की आतला छोटा माणूस दुधाचे कॅन बाहेर ठेवतो, त्यामुळे तो अफाट खपला. आज तो ६४६४पेक्षा जुना आहे, पण इतके शिल्लक आहेत की साधा नमुना सामान्य संग्राहकाला परवडतो. किंमत ठरते ती किती उरलेत आणि किती जणांना हवेत यावर.

खोक्याचं थोडक्यात. मूळ खोका असेल तर जपणाऱ्यासाठी तो भावाचा मोठा वाटा असतो, पण हुबेहूब नवे खोकेही छापले जातात. खोक्याच्या टोकावरचा क्रमांक डब्याशी जुळला पाहिजे, आतल्या झडपा शाबूत पाहिजेत, आणि पुठ्ठा वयाप्रमाणे पिवळलेला पाहिजे. सरांच्या दुसऱ्या डब्याचा खोका डब्याइतकाच ताजा होता.

आता तिसरा, मार्कलिनचा. कंपनी १८५९पासूनची, गोपिंगेन गावची, काम अप्रतिम. डब्याला नावं ठेवायला जागा नाही. पण भाव बघताना जळगावच्या सराफ बाजारात उभं राहून विचार करा. दागिना घेताना सोन्याचे पैसे वेगळे आणि घडणावळ वेगळी. मोड द्यायला गेलात की घडणावळ परत मिळत नाही, वरून घट धरतात. 'मर्यादित आवृत्ती' आणि प्रमाणपत्र ही घडणावळ आहे. मर्यादित म्हणजे शंभर की पाच हजार, हे आधी विचारायचं. शिवाय असे डबे घेणारे बरेच जण ते खोक्यातून न काढता जपून ठेवतात, त्यामुळे वीस वर्षांनीही बाजारात कोरेच नमुने भरपूर मिळतात. पहिल्या डब्याचं असं झालं नाही. तो पोरांनी खेळून झिजवला, म्हणून चांगला उरलेला थोडा आहे.

सरांसाठी यात एक छुपा खर्चही होता. मार्कलिनची पद्धत तीन वाहकांची, म्हणजे वीज मधल्या वेगळ्या वाहकातून येते आणि दोन्ही रुळांतून परत जाते, त्यामुळे तिच्या चाकांच्या आसाला विद्युतरोधन नसतं. असा डबा दोन रुळांच्या मार्गावर ठेवला की दोन्ही रूळ जोडले जातात आणि शॉर्ट होतो. चाकं बदलून मिळतात, पण त्याचे पैसे भावात धरायला हवेत.

परदेशातून मागवायचं असेल तर हिशेब आणखी बदलतो. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी फेब्रुवारी २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३मध्ये ७० टक्के. व्यक्तिगत वापराच्या पार्सलचा दर वेगळा असतो, तो मागवायच्या दिवशी तपासायचा. ड्युटी नुसत्या डब्याच्या किमतीवर लागत नाही, टपाल आणि विमा धरून लागते, आणि ड्युटीसकट त्या सगळ्या बेरजेवर जीएसटी. डबा ३,००० चा, टपाल २,५०० चं, तर कर ५,५०० पासून मोजायला सुरुवात होते. म्हणून भारतातच असलेला डबा तिथल्या भावापेक्षा थोडा महाग मिळाला तरी तो सौदा अन्यायाचा नसतो. फक्त पुढे विकताना तो वरचा भाग परत येईल असं धरू नका.

चौथ्या डब्याला वरचा एकही नियम लागत नाही, आणि मला त्याच्यावरच जास्त बोलावंसं वाटतं. पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जाणारी ती गाडी २०२०मध्ये थांबली ती थांबलीच. तिचा डबा कोणतीही मोठी कंपनी करत नाही, म्हणून झालेले सौदे शोधायला जागाच नाही. इथे भाव कामावरून काढायचा. प्रमाण बरोबर आहे का ते आधी पाहा. खरा गेज ७६२ मिलिमीटर, ८७ने भागला की पावणेनऊ होतो, म्हणून असे डबे ९ मिलिमीटरच्या रुळावर चालवतात. सरांच्या १६.५च्या मार्गावर हाही चालणार नाही, पण त्यांना जपायचाच होता. मग सफाई: थ्रीडी छपाई असेल तर बाजूंवर थरांच्या रेषा दिसतात का, खिडक्या एका ओळीत आहेत का, अक्षरं सरळ आहेत का, चाकं धातूची आहेत का.

मग कारागिराला विचारायचं, किती तास लागले. समजा चाळीस तास म्हणाला. म्हणजे आठ तासांचे पाच दिवस. आपल्या गावात चांगला सुतार पाच दिवसांची मजुरी काय घेतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्यात सामान धरा. सरांकडे मागितलेली रक्कम त्या हिशेबाने कमीच होती. अशा ठिकाणी घासाघीस करू नये, असं माझं ठाम मत आहे. हा डबा पुढे विकला तर किती येतील हे कोणीच सांगू शकत नाही. पैसे परत येण्याच्या आशेने तो घ्यायचा नसतो.

जो कोणता घ्याल, तो माळ्यावर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, पत्र्याखाली प्लास्टिक वाकतं, पुठ्ठ्याचा डिंक सुटतो, आणि पावसाळ्यात वाळवी खोका खाते. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, बंद कपाटात ठेवा. नवशिक्याने खरेदीआधी पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय बघून यावं. छोटी रेल्वे प्रत्यक्ष चालताना पाहिली की फोटो वाचायची नजर येते.

सरांना मी हे सांगितलं: दुसरा सोडा. तिसरा चालवायला घेत असाल तरच घ्या. पहिल्याला झालेल्या सौद्यांच्या मधल्या भावापेक्षा फार तर दहा टक्के जास्त द्या, तेही भारतातच आहे म्हणून. तो अडून बसला तर चौथा घ्या, सांगितलेल्या किमतीला.

पहिल्याच्या विकणाऱ्याला त्यांनी माझ्यासमोरच निरोप पाठवला: "डबा उलटा करून बोगीचा फोटो, दोन्ही दारांचे आतून फोटो आणि छताचा उजेडातला फोटो पाठवा, मग आकडा सांगतो." दोन दिवसांनी बोगीचा आणि छताचा फोटो आला. दारांचा अजून आलेला नाही, आणि सरांनी अजून आकडा सांगितलेला नाही.