‘द एको मेकर’: दुसऱ्या वाचनानंतर

कथानक बहुतेकांना ठाऊक असेल. फेब्रुवारी २००२, अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातली प्लॅट नदी, मार्कचा ट्रक उलटतो, डोक्याला जबर मार बसतो. शुद्धीवर आल्यावर तो सख्ख्या बहिणीला, कॅरिनला, तोतया ठरवतो. रिचर्ड पॉवर्सच्या या कादंबरीला २००६ चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालंय. काही महिन्यांपूर्वी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मार्कला तपासणाऱ्या मेंदूतज्ज्ञ डॉ. वेबरच्या प्रकरणांनी मी इतकी वैतागले की पुस्तक कोणाला तरी देऊन टाकणार होते.

दिलं नाही, ते कॅरिनमुळे. मार्क मित्रांना बरोबर ओळखतो, फक्त जिवाभावाची माणसंच त्याला खोटी वाटतात. कुत्रासुद्धा! हा काप्ग्रा सिंड्रोम. फ्रेंच डॉक्टर जोसेफ काप्ग्रा यांनी १९२३ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याचा एक खुलासा असा, की चेहरा ओळखणारा भाग शाबूत असतो, पण तो चेहरा पाहून आतून जी माया दाटून यायला हवी ती येत नाही. मग मेंदू स्वतःची समजूत घालतो: दिसते तिच्यासारखी, पण ही ती नव्हे. म्हणजे ज्याच्यावर जीव जास्त, तोच परका. नोकरी सोडून भावाच्या उशाशी बसलेल्या कॅरिनला हे रोज ऐकावं लागतं. लहानपणच्या आठवणी सांगाव्यात, तर ‘छान पाठ करून आलीस’ असा त्याचा सूर. हळूहळू तिलाच वाटायला लागतं, की आपण पूर्वी जी होतो ती खरंच कोण होती? स्मृती गेलीय कोणाची आणि ओळख हरवतेय कोणाची! या पानांवर मी दोन्ही वेळा रडले.

वेबरबद्दल मात्र मत थोडं बदललं. रुग्णांच्या कहाण्यांवर नाव कमावलेला हा माणूस, नव्या पुस्तकावर टीकेची झोड उठल्यावर स्वतःबद्दलच साशंक होत जातो. कॅरिनसारखी त्याचीही ओळख हरवतेय, तीही अपघाताविना, हे दुसऱ्या वाचनात लक्षात आलं. तरी त्याच्या डोक्यातल्या जुन्या केसेसची रांग संपता संपत नाही. साडेचारशे पानांच्या पुस्तकात त्याला इतकी जागा कशाला? कॅरिन रुग्णालयातून घरी जाऊन काय करते, कोणाजवळ मन मोकळं करते, ते अजून हवं होतं. नदीवर उतरणाऱ्या क्रौंचांचे परिच्छेद सुंदर आहेत, त्यांना हात लावू नये.

घरी मेंदूला इजा झालेलं माणूस असेल तर कॅरिनची प्रकरणं जरूर वाचा. वेबरची पहिल्या खेपेला खुशाल चाळा.