११-३४ची कॅसेट आणि मोजून कापलेली चेन

शिमानोची एचजी५०० ही दहा गिअरची ११-३४ कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा ११ ते ३४ दातांच्या दहा चकत्यांचा संच, गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सायकलला बसवली आणि तेव्हापासून जवळपास दर रविवारी ती चोर्ला घाटात वापरतो आहे. कॅसेट चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही या परीक्षणातला मोठा भाग तिच्यासोबत लागणाऱ्या चेनच्या लांबीवर खर्च होणार आहे, कारण या खरेदीत माझी जी फजिती झाली ती कॅसेटमुळे नव्हे, तर चेन चार कड्यांनी आखूड राहिल्यामुळे झाली. (मी गोव्यातल्या साखळी गावचा राहणारा. त्यामुळे सायकलच्या साखळीला इथे चेनच म्हणणार आहे. नाहीतर ‘साखळीत अडकलो’ या वाक्याचा आमच्या भागात भलताच अर्थ होतो.)

माझ्या सायकलीला पुढे, पेडलपाशी, ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, म्हणजे चेनरिंग, आहेत आणि मागे मूळची १२-२८ची कॅसेट होती. साखळीहून पर्ये, केरी करत अंजुणे धरणापर्यंत त्या कॅसेटने कधी त्रास दिला नाही, पण घाट सुरू झाला की पुढे ३४ आणि मागे २८ या सर्वांत हलक्या जोडीवरही पेडलवर अक्षरशः उभे राहावे लागे. या जोडीवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. मागे ३४ दातांची चकती आली की तेच अंतर २.१ मीटरवर येते. मिनिटाला साठ फेरे कायम ठेवून ताशी नऊ किलोमीटरऐवजी साडेसात किलोमीटरने चढता येणे, ही पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांसाठी लहान गोष्ट नाही.

कॅसेट आणि तिच्याबरोबर नवी चेन मी शहरातल्या एका दुकानात बसवून घेतली. तिथल्या मेकॅनिकने जुनी चेन खिळ्याला लटकवली, शेजारी नवी लटकवली आणि जुनी जिथे संपली तिथेच नवीवर कटर लावला. “भाऊ, जुनीएवढी कापली की झालं, कंपनीनंच मोजून घातलेली असते,” असे तो म्हणाला आणि मला ते पटलेही. कॅसेट तीच राहणार असेल तर हे म्हणणे बरोबर आहे. पण मागची सर्वांत मोठी चकती २८ दातांवरून ३४ वर गेली की कंपनीने मोजलेले माप त्या सायकलीचे राहतच नाही, आणि हा साधा मुद्दा तेव्हा त्याच्याही लक्षात आला नाही आणि माझ्याही.

आखूड चेनचा दोष लगेच दिसत नाही, हीच यातली खरी अडचण आहे. चढावर आपण पुढची लहान चेनरिंग वापरतो आणि ३४-३४ या जोडीला चेन कमी लागते, त्यामुळे पहिले दोन रविवार घाटात सगळे सुरळीत चालले. तिसऱ्या रविवारी पर्येच्या अलीकडे एका छोट्या चढावर मी पुढची ५० दातांची चेनरिंग तशीच ठेवून मागे गिअर हलके करत गेलो. शेवटच्या चकतीवर चेन चढता चढता कर्रकन आवाज आला आणि पेडल जागच्या जागी थांबले. खाली पाहिले तर डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या यंत्रणेचा) पिंजरा, म्हणजे चेनची ढील ओढून धरणारा दोन पुलींचा भाग, चेनस्टेला (पेडलपासून मागच्या चाकाच्या आसाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) जवळपास समांतर पुढे ओढला गेला होता आणि चेन वीणेच्या तारेसारखी ताणलेली होती. डिरेलर फ्रेमला जिथे जोडतात तो हँगर वाकला होता. वेग कमी होता म्हणून मी पडलो नाही. डिरेलर चाकाच्या आऱ्यांत गेला नाही हे नशीब.

घरी येऊन गणित मांडले, जे खरे तर कॅसेट घेण्याआधी मांडायला हवे होते. चेनस्टेची लांबी, म्हणजे पेडलच्या आसाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या आसाच्या मध्यापर्यंतचे अंतर, इंचांत घेऊन दुप्पट करायची. पुढच्या मोठ्या चेनरिंगच्या दातांचा चौथा हिस्सा आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या दातांचा चौथा हिस्सा त्यात मिळवायचा. वर एक इंच धरायचा. माझ्या सायकलीचे अंतर ४२.५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेसतरा इंच आहे. जुन्या कॅसेटसाठी ३३.५ अधिक १२.५ अधिक ७ अधिक १, असे बरोबर ५४ इंच येतात. एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणून १०८ कड्या. कंपनीने तेवढ्याच दिल्या होत्या. नव्या कॅसेटसाठी सातच्या जागी ८.५ आले आणि बेरीज ५५.५ झाली. आतली आणि बाहेरची कडी जोडीनेच धरावी लागत असल्याने लांबी पूर्ण इंचातच ठेवता येते, म्हणून ती वर नेऊन ५६ इंच, म्हणजे ११२ कड्या. शेवटचा एक इंच वगळला, तरी ५०-३४ या जोडीभोवती, डिरेलरमधून न जाताही, ५४.५ इंच चेन लागते आणि माझ्याकडे ५४ इंचच होती. ती अडकली यात नवल नव्हते.

दुसरी चेन केएमसीची एक्स१० घेतली आणि या वेळी कटर स्वतःच्या हातात ठेवला. गणितावर विसंबून न राहता ती प्रत्यक्ष सायकलीवरही मोजली, आणि घरी काम करणाऱ्या कोणालाही मी हीच पद्धत सुचवेन. चेन पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून, डिरेलरला पूर्ण वगळून, फिरवून आणायची. दोन टोके जिथे खरोखर जोडता येतील अशी पहिली जागा धरायची आणि तिथून दोन कड्या अधिक सोडून कापायची. इथे क्विक लिंक, म्हणजे चेनची दोन टोके जोडणारी सुटी कडी, घोटाळा करते. ती स्वतः बाहेरची कडी असल्याने चेनची दोन्ही टोके आतल्या कडीची असावी लागतात, आणि मोजताना क्विक लिंकही एक कडी म्हणून धरावी लागते. मोजताना मी ती हातात धरून टोकांच्या मध्ये लावून पाहिली, तेव्हाच कुठे खात्री पटली. सायकलीवरचे माप आणि कागदावरचे माप दोन्ही ११२वर आले, आणि खोक्यातल्या ११६ कड्यांच्या चेनमधून चारच कड्या काढाव्या लागल्या.

जुनी चेन माप म्हणून वापरू नये याला आणखी एक कारण आहे. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरतात. झिजलेल्या चेनीत पिना आणि त्या ज्यांत फिरतात ती आतल्या कड्यांची भोके झिजून तेच अंतर वाढते, आणि ते १२ पूर्णांक एक सोळांश इंचावर गेले की चेन बदलायची वेळ झाली असे समजतात. खाणींकडच्या रस्त्यावरची तांबडी धूळ तेलात मिसळली की हे काम फार लवकर होते. माझी जुनी चेन एक टक्का वाढलेली होती, म्हणजे ५४ इंचांत अर्ध्या इंचाहून अधिक, पूर्ण एक कडीभर. अशी चेन नवीशेजारी लटकवून नजरेने कापली तर एका कडीची चूक सहज होते. जुनीवरून माप घ्यायचेच असेल तर कड्या मोजाव्यात.

चेन लांब ठेवली की भागले, असेही नाही. पुढची ३४ आणि मागची ११ या जोडीवर उरलेली सगळी ढील डिरेलरच्या पिंजऱ्यालाच ओढून धरावी लागते. पुढच्या चेनरिंगमधला १६ दातांचा आणि कॅसेटमधला २३ दातांचा फरक मिळून ३९ दात होतात, म्हणजे पावणेदहा इंच चेन. माझा डिरेलर लांब पिंजऱ्याचा आहे आणि त्याची क्षमता ४१ दातांची आहे, त्यामुळे ११२ कड्यांवर चेन लोंबत नाही आणि स्वतःवर घासतही नाही.

आता कॅसेटविषयी. चढावर गिअर ताणाखालीही नीट बदलतात आणि २६, ३०, ३४ या वरच्या तीन चकत्या घाटासाठी सोयीच्या अंतरावर आहेत. बसवल्यावर डिरेलरचे चकत्यांपासूनचे अंतर ठरवणारा बी-स्क्रू मात्र आत फिरवावा लागला, कारण वरची पुली ३४च्या चकतीला जवळजवळ टेकत होती. त्यांच्यात पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवल्यावर घरघर थांबली. तक्रार एकच आणि ती सपाट रस्त्यावरची आहे. ११, १३, १५, १७ अशा दोन-दोन दातांच्या उड्या असल्याने मिरामारहून दोनापावलला समुद्रावरच्या वाऱ्याविरुद्ध जाताना जुन्या कॅसेटवरची १४ची चकती रोज आठवते. १३ जड पडते आणि १५वर पाय रिकामे फिरतात. जे प्रामुख्याने पणजी-मिरामार पट्ट्यातच चालवतात, त्यांनी ही कॅसेट घेऊ नये.

आखूड पिंजऱ्याचा डिरेलर असलेल्यांनीही घेऊ नये; चेन कितीही बरोबर मोजली तरी एवढी ढील तो ओढू शकत नाही आणि ३४ची चकती त्याच्या पुलीला लागते. अशांसाठी १२-३०ची कॅसेट, डिरेलरच्या मर्यादेत बसत असेल तर, बरी. तिथे वाढ अर्ध्या इंचाचीच आहे, तरी माझ्यासारख्या सायकलीवर बेरीज ५४.५ येते आणि ११० कड्या लागतात. जुन्या १०८ पुरतील असे धरून चालू नये.